वर चढणारा वारा, खाली पडणारा वारा

उन्हाळ्यातील भर दुपारी टावर चौकात उभे राहण्यासारखे काही नसते. फ्रीगंजमधील दुकाने निम्मी दारे ओढून पेंगत असतात, घड्याळाच्या मनोऱ्याची सावली त्याच्याच पायाशी गोळा होऊन पडलेली असते, आणि संध्याकाळी जेथे खाण्याच्या गाड्यांभोवती माणसांची दाटी होते तेथे एखादी गाय तेवढी रवंथ करीत बसलेली दिसते. तरीही गेल्या वैशाखात नातवाला घेऊन मी तेथे उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभा होतो. (अधिक खरे सांगायचे तर नातू मला घेऊन उभा होता.) एकाएकी रस्त्याच्या कडेची धूळ हलली. कागदी द्रोण, रिकाम्या पुड्या आणि निंबाची वाळलेली पाने गोल फिरू लागली, आणि पाहता पाहता दोन पुरुष उंचीचा एक भोवरा मनोऱ्याला वळसा घालून माधवनगरच्या दिशेने चालू लागला.

"आजोबा, टोर्नेडो!" नातू ओरडला. अमेरिकेतील वादळांची चित्रे त्याने फोनवर पुष्कळ पाहिलेली आहेत. रसवाल्याने पेल्यावर हात धरला आणि तो म्हणाला, "कुछ नहीं भैया, हवा है." माझी आई असती तर वावटळीत भूत असते म्हणून तिने पोराला पदराआड घेतले असते. एकाच वाऱ्याची ही तीन नावे ऐकून त्या वेळी मौज वाटली. परंतु घरी परतताना आपल्या या नगरीच्या दोन तारखा आठवल्या, आणि वाऱ्याला अचूक नाव असणे ही केवळ शब्दांची हौस नव्हे असे वाटू लागले.

पहिली तारीख ५ मे २०१६. सिंहस्थ भरलेला होता. सायंकाळच्या सुमारास वादळी पाऊस आला, मेळ्याच्या क्षेत्रातील मंडप कोसळले, सात जण दगावले आणि कितीतरी भाविक जखमी झाले. दुसरी तारीख २८ मे २०२३. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ज्याचे लोकार्पण झाले त्या महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा मूर्ती सोसाट्याच्या वाऱ्याने पीठावरून खाली आल्या. मूर्ती फायबरच्या, आतून पोकळ होत्या. दोन्ही वेळा गावात कोणी आंधी म्हटले, कोणी बवंडर, कोणी दैवाचा कोप. पुढे जे आरोप-प्रत्यारोप झाले त्यांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. आपण येथे फक्त वाऱ्याची चौकशी करू.

प्रथम टावर चौकातील ती वावटळ. तिला ढग लागत नाही, किंबहुना निरभ्र आकाश आणि तापलेली जमीन हेच तिचे भांडवल. मालव्यातील मराठी घरांच्या गच्च्यांवर याच दिवसांत कुरडया-पापड वाळत असतात, आणि सकाळचे अकरा वाजून गेले की ते राखायला कोणाला तरी बसवावे लागते, हे ज्ञान आपल्या घरांतील स्त्रियांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. जमिनीलगतचा हवेचा पातळ थर वरच्या हवेपेक्षा फार तापतो, हलका होतो आणि एखाद्या ठिकाणी फुटून वर उसळतो. त्याची जागा घ्यायला चोहोंकडून हवा धावते. त्या धावण्यात जो थोडासा वळसा असतो तो मध्याजवळ येता येता जलद होत जातो. मंगळागौरीच्या फुगडीत हे आपण पाहिलेले आहे. हात ताणून मुली मागे झुकतात तेव्हा सावकाश फिरतात, आणि हात आखडून जवळ आल्या की गिरकीला वेग येतो. वावटळ ही वाऱ्याची फुगडी होय. ती जमिनीवर जन्मते आणि वर चढते. काही मिनिटांत तिचा दम संपतो.

खऱ्या टोर्नेडोची, शास्त्रीय मराठीत ज्याला घूर्णवाती वादळ म्हणतात त्याची, कुळकथा निराळी. त्याची नाळ मेघाशी जोडलेली असते. जमिनीलगत वारा एका दिशेने मंद वाहत असेल आणि उंचावर दुसऱ्याच दिशेने वेगाने, तर मधली हवा लाटण्यासारखी आडवी लोळू लागते. अशा वेळी खालून बलवान ऊर्ध्ववात उठला तर हे आडवे लाटणे उचलले जाऊन उभे राहते आणि अवघा गडगडाटी मेघच सावकाश फिरू लागतो. त्या फिरत्या मेघाच्या पोटाखाली, मेघाच्या पाठीमागून उतरणाऱ्या वाऱ्याशी झटताना, कधी कधी एक अरुंद भोवरा जमिनीला टेकतो. 'कधी कधी' हे मुद्दाम म्हटले, कारण असे फिरणारे बहुतेक मेघ काहीही न करता विरून जातात, आणि काहीच का टेकतात हा प्रश्न अभ्यासकांना अजून पुरता सुटलेला नाही.

हे आपल्याकडे होतच नाही असा समज मात्र चुकीचा आहे. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात असा घूर्णवात उतरला, दोन-तीन मिनिटे टिकला, आणि तेवढ्यात अठ्ठावीस माणसे गेली. बंगालच्या उपसागराच्या माथ्याशी तर चैत्र-वैशाखात त्याचे जणू माहेरच असते. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-सटूरिया भागात सुमारे तेराशे लोक मृत्युमुखी पडले. जगातील ज्ञात घूर्णवातांमध्ये हा सर्वांत घातक समजला जातो. अगदी अलीकडे, ३१ मार्च २०२४ रोजी, पश्चिम बंगालमधील मैनागुडीलाही त्याने तडाखा दिला.

या दोन टोकांच्या मध्ये कितीतरी चमत्कारिक भावंडे आहेत. त्यांतील एक मला विशेष वाटते, कारण ते अर्धे वावटळीसारखे आणि अर्धे टोर्नेडोसारखे वागते. दोन वेगळ्या दिशांचे वारे जमिनीवर जेथे एकमेकांना घासून जातात, तेथे नदीच्या संगमावर पडतात तसे लहान लहान उभे भोवरे आधीपासूनच पडत असतात. ते दुबळे असतात, कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण नेमका त्यांच्या डोक्यावर एखादा मेघ वाढू लागला तर त्याचा ऊर्ध्ववात त्या भोवऱ्याला धरून वर ओढतो. भोवरा लांब आणि बारीक होतो, आणि बारीक झाला की फुगडीच्याच नियमाने वेग घेतो. येथे मेघ मुळीच फिरत नसतो. फिरकी जमिनीची, ओढ ढगाची. समुद्रावर हेच घडले की पाण्याची सोंड आकाशाला लागल्यासारखी दिसते. १९८५ साली अमेरिकन शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्लूस्टाईन यांनी जमिनीवरील या प्रकाराला समुद्रावरील सोंडेच्या नावावरूनच 'लँडस्पाउट' असे नाव दिले. फिरत्या मेघावर नजर ठेवणाऱ्या रडारला हा प्रकार सहसा चुकवून जातो, कारण पकडण्यासारखे वर काही नसतेच.

दुसरे भावंड उलट्या वळणाचे. उत्तर गोलार्धातील बहुतेक घूर्णवात वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या उलट, म्हणजे प्रदक्षिणेच्या विरुद्ध दिशेने फिरतात. पण थोडे प्रदक्षिणेच्या दिशेनेही फिरतात. ४ मे १९९८ रोजी कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे असा एक उतरला होता. धुळीच्या वावटळीला या बाबतीत काही विधिनिषेध नाही, ती उजवी तशीच डावी.

आणखी एक प्रकार म्हणजे एका मोठ्या भोवऱ्याच्या पोटात फिरणारे अनेक लहान भोवरे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे चार किलोमीटरांहून अधिक रुंदीचा घूर्णवात झाला. त्याच्या आतल्या अशाच एका उपभोवऱ्याने टिम सॅमारस, त्यांचा पुत्र आणि एक सहकारी यांचा बळी घेतला. ही माणसे नवशिकी नव्हती, वादळांचा पाठलाग करून मोजमाप घेणे हा त्यांचा अनेक वर्षांचा व्यवसाय होता.

अग्नीचाही भोवरा होतो. आपल्या मालव्यात गहू निघाल्यावर शेतात नरवाई जाळतात (जाळू नये असा हुकूम असूनही जाळतात), तेव्हा ज्वाळेचा एखादा वीतभर पिळा उठून फिरताना दिसू शकतो. तेथे जमीन तापवण्याचे सूर्याचे काम आग करते, बाकी रीत वावटळीचीच. मात्र हाच पिळा मोठा झाला म्हणजे काय होते ते १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योने पाहिले. एका मोकळ्या मैदानात आश्रयाला आलेल्या जमावावर अग्नीचा भोवरा चालून गेला आणि सुमारे अडतीस हजार माणसे जागच्या जागी संपली.

त्या मानाने पुण्याचा प्रकार अगदीच विनोदी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुळा-मुठेच्या काठी आकाशात उंच काळे खांब उभे राहिलेले लोकांनी पाहिले आणि त्याला डासांचा टोर्नेडो असे नाव पडले. त्यात वारा नव्हताच, होते ते किड्यांचे थवे. नदी घाण झाली की काय काय उठते एवढेच त्यातून सिद्ध झाले. असो.

आता उज्जैनकडे परत येऊ. खरा घूर्णवात आपल्या मालव्यात क्वचित का, याचे उत्तर त्याच्या साहित्यात आहे. त्याला जमिनीलगत दमट हवा हवी आणि वर वेगवान, दिशा बदलणारा वारा हवा. बंगालला समुद्र पहिली वस्तू पुरवतो, चैत्रातील पश्चिमी वारे दुसरी. आपल्याकडे वैशाखात जमिनीलगतची हवा कोरडी ठणठणीत असते. परंतु हीच कोरडी हवा दुसऱ्या एका वाऱ्याची जननी आहे, आणि तो वारा मुळी फिरतच नाही. तो पडतो.

दुपारनंतर मेघ जमतो, पण त्याचा तळ फार उंचावर असतो. त्यातून पाऊस निघतो खरा, मात्र वाटेतल्या कोरड्या हवेत तो सुकून जातो. ढगाखाली लोंबणारी आणि जमिनीपर्यंत न पोचणारी पावसाची झालर पुष्कळांनी पाहिली असेल. थेंब सुकताना भोवतालच्या हवेतील उष्णता शोषतात, जसे माठाच्या अंगावरचे पाणी सुकताना आतले पाणी थंड होते. थंड झालेली हवा जड होते आणि ती जड हवा उंचावरून धाडकन खाली येते. जमिनीवर आदळली की तिला जायला वाट नसते, म्हणून ती चोहोंकडे पसरते, फरशीवर ओतलेल्या बादलीभर पाण्यासारखी. या पसरत्या पाण्याची कड म्हणजे आपली आंधी. थंड झुळूक आणि मातीचा वास आधी येतो, त्यामागे धुळीची भिंत, आणि पाऊस आलाच तर सर्वांत शेवटी.

या कडेवर कधी कधी छोटे भोवरे उठतात, धूळ गरगर फिरताना दिसते, आणि पाहणारा शपथेवर सांगतो की बवंडर आला. तो खोटे बोलत नसतो. पण त्या भोवऱ्याचा वरच्या मेघाशी संबंध नसतो, म्हणून जाणकार त्याला टोर्नेडोत जमा करीत नाहीत. खरा घाव घालतो तो सरळ धावणारा वारा, भोवरा ही केवळ त्याच्या पदराची झालर.

पडणाऱ्या वाऱ्याला इंग्रजीत डाउनबर्स्ट म्हणतात, आणि त्याची ओळख पटवणारा माणूस मोठा नवलाचा होता. तेत्सुया फुजिता हे १९४५ साली जपानमध्ये कोकुरा शहराजवळच्या महाविद्यालयात शिकवीत होते. दुसरा अणुबाँब कोकुरावर पडायचा होता. त्या दिवशी आकाश झाकोळलेले होते म्हणून विमान नागासाकीकडे वळले. ढगाने वाचवलेला हा माणूस पुढे जन्मभर ढगांच्याच मागे लागला. स्फोटानंतर पाहणीस गेले असता त्यांनी पाहिले की झाडे एका मध्यबिंदूपासून चोहोंकडे, ताऱ्याच्या किरणांसारखी आडवी झाली आहेत. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेतील महावादळानंतर विमानातून पाहणी करताना त्यांना जंगलात तशीच आडवी झाडे दिसली, आणि बाँब तर तेथे पडलेला नव्हता. पुढल्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरता उतरता एक विमान कोसळून शंभराहून अधिक प्रवासी मेले. फुजितांनी सांगितले की हा वरून पडलेल्या वाऱ्याचा प्रताप. अनेकांनी मान हलवली नाही. १९७८ साली शिकागोजवळ रडार मांडून त्यांनी तो वारा दाखवून दिला. १ ऑगस्ट १९८३ रोजी वॉशिंग्टनजवळील अँड्र्यूज विमानतळावर असा वारा ताशी दोनशे चाळीस किलोमीटरांच्या घरात मोजला गेला. त्याच्या सहाच मिनिटे आधी अध्यक्ष रेगन यांचे विमान तेथे उतरले होते.

आणि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सहाव्या शतकात याच अवंतीत वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या बृहत्संहितेत 'निर्घात' नावाचा एक लहानसा अध्याय आहे. वारा वाऱ्यावर आदळून आकाशातून जमिनीवर पडतो तेव्हा निर्घात होतो, अशी त्याची व्याख्या त्यांनी दिली आहे. तेवढ्यावरून आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांत मी नाही. वराहमिहिरांना तो अपशकुन वाटत होता, आणि कोणत्या वेळी झाला असता राजाला, धनिकांना की व्यापाऱ्यांना बाधेल याचीच यादी त्यांनी पुढे दिली आहे. पाऊस सुकून हवा जड होते हे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. तरीही वारा आडवा वाहतो तसा वरून पडतोही, हे कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिल्याशिवाय लिहिले गेले नसते. शब्द इतका नेमका आहे की परका शब्द वापरण्याऐवजी मी तरी आता निर्घातच म्हणणार.

नाव कळल्याने काय फरक पडतो? घूर्णवाताच्या थेट माऱ्यापुढे तंबू काय, पक्की घरेही टिकत नाहीत, त्याला दैव म्हणावे. निर्घाताचा आणि आंधीचा हिशेब मात्र मांडता येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. मोठ्या आकाराची हलकी वस्तू ही या हिशेबात सर्वांत दुर्दैवी, कारण वाऱ्याला छाती पुष्कळ आणि जमिनीला वजन थोडे. पोकळ मूर्ती, जाहिरातीचा फलक आणि मंडप या तिघांची जात एकच. मंडपाचे आणखी एक दुखणे असे की वारा कनातीतून आत शिरला की छताला खालून उचलतो, म्हणजे खांब रोवले जातात ते भार पेलण्यासाठी आणि प्रत्यक्षात उपटले जातात वर.

यासाठी नियम नाहीत असेही नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या भाराचे गणित आहे. त्यात देशाचे वाऱ्याच्या वेगानुसार पट्टे पाडले आहेत, आणि सर्वांत सौम्य पट्ट्यातही सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगाचा झोत येईल असे धरून बांधावे असे सांगितले आहे. तात्पुरत्या बांधकामाला त्यात काही सूट मिळते. माफी मिळत नाही. कोणत्याही वादळानंतर "असा वारा कधी पाहिला नव्हता" असे कोणी सांगू लागले तर ११९ हा आकडा त्याच्यासमोर ठेवावा.

पुढचा सिंहस्थ २०२८ साली आहे. गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेष राशीत असता हे पर्व येते. मेषेचा सूर्य म्हणजे एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य, म्हणजे मालव्यातील आंधीचा ऐन हंगाम. पर्वाचा काळ आकाशाने ठरवलेला, तो मागे-पुढे करता येणार नाही. कोट्यवधी माणसे क्षिप्रेच्या काठी कापडाच्या छताखाली राहणार आणि त्यांच्या डोक्यावर निर्घाताचे मेघ जमणार, हे आज, इतक्या आधी, पंचांगात पाहून सांगता येते. हवामान खात्याचे डॉप्लर रडार मेघ दाखवते, तासा-दोन तासांचा इशाराही मिळू शकतो. परंतु दीडशे किलोमीटरवरून येणारा रडारचा किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे आपल्या डोक्यावरून दोन-तीन किलोमीटर उंच निघून जातो. जमिनीवर पसरणारी वाऱ्याची ती कड त्याला दिसत नाही. तिच्यासाठी मेळ्याच्या चारी बाजूंना, विशेषतः पश्चिमेला, वाऱ्याचे मापक आणि ते वाचून तत्काळ भोंगा वाजवणारा माणूस हवा. इशाऱ्यापासून आंधीपर्यंत दहा मिनिटे मिळाली तरी मंडपातून बाहेर पडून पक्क्या इमारतीकडे जाता येते, मात्र इमारत कोणती हे त्या भाविकाला आदल्या दिवशी ठाऊक असले पाहिजे.

ज्येष्ठात एका संध्याकाळी पुन्हा आंधी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू आणि मी फिरायला निघालो. पडलेली झाडे कशी वाचायची ते मी त्याला सांगितले होते. घूर्णवातात ती एकमेकांवर, आतल्या बाजूला पिळवटून पडतात, आणि निर्घातात पंख्यासारखी बाहेर. फ्रीगंजच्या गल्ल्यांतून त्याने एक निंब, दोन गुलमोहर आणि एक जाहिरातीचा फलक मोजला. प्रत्येकापाशी उभे राहून दिशा पाहिली आणि वहीत बाण काढले. चारही बाण पूर्वेकडे होते, एखाददुसरा किंचित उत्तरेला कललेला. "म्हणजे फिरला नाही, पश्चिमेकडून सरळ आला," तो म्हणाला. टावर चौकात रसवाला आपली मोठी छत्री मनोऱ्याच्या कठड्याला दोरीने बांधत होता. कालच्या आंधीत ती उडून गेली होती आणि त्याला ती बरीच दूर सापडली होती. नातवाने त्याला विचारले की कोणत्या दिशेला, आणि पाचवा बाण काढला.